राखेवर अंथरलेला मुरूम

आमच्या ह्यांचं काम काय, हे लोकांना सांगता सांगता माझं तोंड दुखतं. उंच इमारतीच्या पायासाठी जमिनीत खोल भोकं पाडणारी मशीन असते ना, पायलिंगची? ते साठ-सत्तर टनांचं धूड आपल्या काळ्या मातीवर उभं केलं तर कलंडायचंच. म्हणून आधी तिच्यासाठी पक्की जमीन करावी लागते, त्याला प्लॅटफॉर्म म्हणतात. माती उकरायची, जाड कापड अंथरायचं, वर मुरूम, खडी, पाणी, रोलर, आणि पुन्हा पुढचा थर. मशीनचं काम झालं की सगळं उकरून टाकतात. वर राहायला येणाऱ्यांना त्याचा पत्ताही नसतो. सर्जेरावांची उभी हयात ह्यातच गेली.

आणि त्या प्लॅटफॉर्मची माया तर विचारू नका! कुणी तिथं नुसती पहार रोवली तरी हे अंगावर धावून जायचे. घरी बजाजनगरला आले तरी तेच. मी मोगऱ्यासाठी दारात खड्डा घेतला, तर म्हणाले, "भिंतीपासून लांब घे, रत्नमाला." मी म्हटलं, "का, तुमची मशीन येणार हाय का इथं?"

ज्याच्यापुढं ह्यांचं चालायचं नाय असा एकच माणूस, सुदर्शन. मशीन चालवणारा, पाचोडचा पोरगा. ह्यांना मामा म्हणायचा, मला मामी. आमचा सम्यक नोकरीला पुण्याला गेला, तसा हाच आमच्या घरचा झाला. सणाला हक्कानं यायचा आणि भाकरी मोडत मोडत ह्यांची नक्कल करून दाखवायचा. हे लटकं रागवायचे, पण आतून लई सुखावायचे.

बीड बायपासच्या पलीकडं एका इमारतीचं काम चालू होतं. तिथंच पत्र्याच्या खोलीत सुदर्शन बायकोला, रूपाला, घेऊन राहायचा. त्यांना मुलगी झाली. बारशाला साइटवरच्या सगळ्यांना जेवू घालायचं पोराच्या मनात आलं. पण चार दिवस पावसानं झोडपलेलं. जिथं तिथं गुडघाभर चिखल. पंगत बसवायला कोरडी, सपाट जागा एकच, ह्यांचा प्लॅटफॉर्म. आणि आचाऱ्याला मोठ्या कढया ठेवायला लांब चर खणून चूल करायची होती.

दुसरा कुणी असता तर ह्यांनी त्याला साइटबाहेर घालवलं असतं. सुदर्शन म्हणाला, "मामा, नातीसाठी एवढं करा की." झालं! विरघळले. म्हणाले, "मशीन उद्या त्या बाजूला नाय यायची. खणा, मी नंतर नीट भरून घेतो."

जेवणं झाली. चरात निखारे फुललेले. सुदर्शनची आई गीताबाई म्हणाली, "मंगल कार्याची चूल पाण्यानं विझवू नये, भाऊ. आपोआप थंड होऊ द्यावी." आम्ही बौद्ध माणसं, असलं काही पाळत नाय. पण म्हातारीचं मन कशाला मोडा, म्हणून ह्यांनी पाणी मारलं नाय. पोरंसोरं पळत होती, कुणाचा पाय पोळू नये म्हणून चरात माती ढकलली आणि वरून मुरूम अंथरला. सकाळी राख उकरून, थर देऊन, रोलर फिरवायचा, असं ठरवलं. आणि हात असला सफाईचा, की मला स्वतःला चर कुठं होता ते दिसंना. इथं मशीन आणू नका म्हणून लावतात ती लाल झेंडी तेवढी लावायची राहिली. अहो, आयुष्यभर दुसऱ्यांना झेंडीवरून शिव्या घातल्या ह्या माणसानं!

सकाळी ह्यांना निघायला उशीर झाला. तिकडं इंजिनिअरनं कामाची बाजू बदलली. मशीन पुढं घ्यायच्या आधी मदतनिसानं सुदर्शनला विचारलं, "भाऊ, चर इथंच होता ना?" सुदर्शननं खाली बघितलं. सपाट, साफ. म्हणाला, "मामांनी भरलाय म्हणजे पक्का भरलाय."

मशीन चाकांऐवजी लोखंडी पट्ट्यांवर चालते, त्यातला एक पट्टा राखेत घुसला आणि ती कलंडली. पोरगं उडी मारून सुटलं खरं, पण उजवा पाय खाली सापडला. गुडघ्याखालून काढावा लागला.

गीताबाईला मी कधी दोष दिला नाय. ती बिचारी राखेवर मशीन घाला म्हणाली नव्हती. ह्यांनी साहेबांपुढं चूक कबूल केली आणि काम सोडलं. पण सुदर्शनला भेटायला जायला ह्यांचा पाय उचलंना. दवाखान्यात डबा मी न्यायचे. हे फाटकापर्यंत यायचे आणि तिथूनच माघारी. मी भांडले, अबोला धरला, रडले. "अहो, जाऊन नुसतं बसा त्याच्याजवळ!" तर म्हणायचे, "कोणत्या तोंडानं जाऊ?" बघता बघता वर्ष गेलं. सुदर्शन बायकोपोरीला घेऊन पाचोडला गेला, चुलत्याच्या खताच्या दुकानावर बसायला लागला.

शेवटी मीच ह्यांना बाजाराच्या दिवशी ओढत नेलं. सुदर्शननं खुर्च्या पुसून दिल्या, चहा मागवला. हे खाली मान घालून म्हणाले, "सुदर्शन, माझं चुकलं. झेंडी लावायला पाहिजे होती."

"ते मला त्याच दिवशी समजलं, मामा," तो शांतपणे बोलला. "चूक कुणाच्याही हातून होते. त्याचा राग नव्हता मला. पण मी रोज दाराकडं बघायचो. मामी दिसल्या की वाटायचं, मागून तुम्ही असाल. बायकोपुढं, आईपुढं मला रडता येत नव्हतं. तुम्ही आला असता तर तुमच्या गळ्यात पडून रडलो असतो. आता काय? रडून झालं, एकट्यानंच."

ह्यांच्या हातातला चहा तसाच राहिला. तेवढ्यात गिऱ्हाईक आलं. सुदर्शन कुबडी घेऊन उठला आणि युरियाच्या गोण्या दाखवायला लागला. मी हळूच म्हटलं, "चला आता." तर म्हणाले, "थांब जरा, तो मोकळा होऊ दे."

बाजाराचा दिवस. गिऱ्हाईक येतच राहिलं. शेवटची गाडी लागली, तेव्हा मीच ह्यांच्या दंडाला धरून ह्यांना उठवलं.