लग्नाच्या रॅकवरची पांढरी साडी

माझ्या नातीच्या बाहुलीकडे माझ्यापेक्षा जास्त कपडे आहेत. मी निवृत्त ग्रंथपाल. मोजके बुशशर्ट आणि एक राखाडी स्वेटर एवढ्यावर मी एका संशोधन संस्थेचं ग्रंथालय वर्षानुवर्षं चालवलं, आणि त्याबद्दल बायको सोडून कुणी काही बोललं नाही. बाहुलीचं तसं नाही. ती टॅबलेटच्या काचेआड राहते. तिला लखनौची लू लागत नाही, घाम येत नाही, तेलीबागच्या रस्त्यावरची धूळ तिच्यावर बसत नाही. तरी सकाळपासून दुपारपर्यंत तिचे चार वेळा कपडे बदलून होतात.

हा मुलांचा ऑनलाइन खेळ आहे. आपली एक बाहुली करायची, तिला नटवायचं आणि रॅम्पवर चालवायचं. मग कुठकुठच्या मुली तिला बदाम देतात किंवा नावं ठेवतात. कापड तयार घेता येतं, नाहीतर स्टुडिओत बोटानं स्वतः रंगवता येतं. रंगवलेलं कापड बाजारातल्या रॅकला टांगलं की दुसऱ्या मुली ते आपल्या बाहुलीला घालू शकतात. हे सगळं मला नातीनं समजावलं. मी विचारलं, "आणि यातून मिळतं काय?" ती म्हणाली, "आजोबा, आपकी किताबों से क्या मिलता है?"

नात पाचवीत आहे. मराठी तिला सगळं कळतं, उत्तर मात्र हिंदीत येतं.

या खेळात तिची खरी जोडीदार तिची आजी होती. माझी बायको सरकारी नोकरीतून निवृत्त झाली आणि महिनाभरात बाहुलीच्या कपाटात शिरली. दुपारी दोघी पलंगावर एका उशीला टेकून बसायच्या. मी खुर्चीत पुस्तक घेऊन. बायकोला चष्मा लावूनही बारीक बटणं दिसायची नाहीत, म्हणून बोट नातीचं आणि हुकूम आजीचा. इतकी वर्षं लखनौत काढून तिची अकोल्याकडची बोली सुटली नव्हती. उलट तिनं इथल्या हिंदीलाच थोडं वळण लावलं. भाजीवाल्याला म्हणायची, "भैया, भिंडी ज़रा निवड के दीजिए." तोही निवडून द्यायचा.

एका दुपारी नातीनं विचारलं, "आजी, आपकी शादी में आपने क्या पहना था?"

"पांढरी साडी. निळ्या काठाची."

आम्ही बौद्ध. आमच्याकडे लग्न पांढऱ्या कपड्यांत लागतं. समोर मेणबत्त्या, त्रिसरण, पंचशील, एकमेकांच्या गळ्यात हार, की झालं लग्न. आमच्या लग्नाचा फोटो काळापांढरा आहे, म्हणजे साडी बरोबर आली आहे, फक्त काठ काळा झाला आहे. प्रत्यक्ष साडी केव्हाच संपली. आधी तिची मुलीसाठी दुपटी झाली, मग दुपट्यांची फडकी झाली, आणि फडकी कुठे जातात ते कुणी बघत नाही.

मग त्या दोघींनी ती साडी स्टुडिओत काढायला घेतली. पांढरा सोपा होता. काठाला मात्र आठवडा गेला.

"अवं, हा निळा नाही. हा त तुह्या कंपासपेटीचा निळा झाला. याच्याहून जरा खालचा."

"नीचे मतलब डार्क?"

"डार्क नाही वं. खालचा!"

नात रंगपेटीच्या चकतीवर केसभर बोट सरकवायची, आजी मान हलवायची. मी पुस्तकावरून म्हणालो, "आकाशी असेल." बायको म्हणाली, "तुम्ही राहू द्या. लग्नभर तुम्ही आपल्या बुटाकडेच पाहून राहिले होते." हे खरं होतं. बूट भावाचे होते आणि चावत होते. शेवटी एके दिवशी तिनं चष्मा काढून परत लावला आणि म्हणाली, "हाच." नातीनं बाहुलीला साडी नेसवली, गोल फिरवली. बायको बघत बसली. "पाह्य, कशी गरकन फिरते. मी त स्टेजवर हलली पण नव्हती."

साडी बाजारात टांगायची राहिली. हिवाळ्यात बायको आजारी पडली आणि गेली.

त्यानंतर नातीनं बरेच दिवस खेळ उघडला नाही. उन्हाळ्याची सुट्टी लागली. मुलगी-जावई कामावर जायचे, आम्ही दोघं पडदे ओढून घरात. मलिहाबादचे दशहरी आंबे मोरीजवळच्या बादलीत भिजत असायचे. मी वाचतो असं दाखवायचो, ती अभ्यास करते असं दाखवायची. एकदा ती टॅबलेट घेऊन माझ्या खुर्चीपाशी आली.

"आजोबा, आजी वाली साड़ी मिट जाएगी."

खेळाचा नियम असा निघाला की सीझन संपला की स्वतः रंगवलेली कापडं पुसली जातात. जी दुसऱ्या कुणीतरी आपल्या बाहुलीवर वापरली, तेवढीच कायम राहतात. सीझन आठवड्याभरात संपणार होता.

मी म्हणालो, "स्क्रीनचा फोटो काढून ठेवू."

"फ़ोटो तो है ही। फ़ोटो घूमती थोड़ी है।"

मला काठाचा विचार पडला. तो निळा या जगात आता कुठेच नव्हता. फोटोत नाही, कपाटात नाही आणि माझ्या डोक्यात तर कधीच नव्हता. ज्या डोक्यात होता तिथून तो बोटाबोटानं काढून या काचेत ठेवला गेला होता. तो पुसला गेला तर मला पुन्हा ओळखताही येणार नव्हता.

"टांग मग बाजारात," मी म्हणालो.

"किस रैक पे?"

रॅक पुष्कळ होते. पार्टी, शाळा, सुट्टी, भूत-पार्टी, लग्न. आता कुठली वस्तू कुठल्या कप्प्यात ठेवायची हे विचारायचं तर माणूस योग्यच निवडला होता. जन्मभर मी दुसरं काही केलेलं नाही. क्षणाचाही विलंब न लावता मी म्हणालो, "लग्नाची साडी. लग्नाच्या रॅकला."

दुसऱ्या दिवशी सकाळी साडीखाली शेरे आले होते. नातीनं ते मोठ्यानं वाचले, कारण मोठ्यानं वाचल्यावर ते बदलतील असं तिला वाटलं असावं.

"‘ये तो विधवा वाली है।’ ‘गलत रैक, भूत-पार्टी में डालो।’ ‘दुल्हन को बुख़ार है क्या?’"

शेवटचा शेरा मला मनातून बरा वाटला. नातीचा चेहरा उतरला होता. तिनं बोट खाली सरकवलं. त्याच रॅकला शेजारी एक पांढरा गाउन टांगलेला होता, मागे लांब शेपूट असलेला, आणि त्याला बदामांचा नुसता पाऊस पडला होता.

"ये भी तो सफ़ेद है!"

मी तिला समजावायला लागलो की ख्रिस्ती विवाहपद्धतीत, आणि पुढे युरोपात... ती उठून आंबा आणायला गेली.

संध्याकाळी मुलीला हे कळलं तेव्हा ती आधी हसली. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं होतं लग्नात टांगायला? इतकी वर्षं यूपीत राहून?" मग म्हणाली, "काढ गं ती तिथून. शाळेच्या रॅकला टांग. टीचरची साडी म्हणून पटकन जाईल."

"शादी की साड़ी है," नात म्हणाली. "शादी में ही रहेगी।"

हा हट्ट कुणाकडून आला हे आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघून मान्य केलं.

मी तिला तिच्या आजीची जुनी गोष्ट सांगितली. लग्न होऊन आम्ही लखनौला आलो तेव्हा चौक नावाच्या जुन्या वस्तीत एका म्हाताऱ्या बाईंच्या घरात भाड्यानं राहायचो. खाली त्या चिकनचं भरतकाम करायच्या, वर आम्ही. त्यांनी आमचा लग्नाचा फोटो पाहिला आणि पांढऱ्याला सुतक समजून दचकल्या. "हाय बहू, शादी के वक़्त घर में ग़मी हो गई थी?" बायको म्हणाली, "नहीं अम्मा, हमारे यहाँ शादी ही ऐसी होती है." अम्मांनी बराच विचार केला, फोटो उजेडात धरला आणि म्हणाल्या, "अच्छा। धोने में आसानी रहती होगी।"

ही गोष्ट बायको प्रत्येक लग्नात सांगायची आणि प्रत्येक वेळी लोक हसायचे. नात हसली नाही.

"फिर अम्मा मान गईं?"

"मानलं की."

"कैसे?"

"आजीनं त्यांना जेवायला बोलावलं. झुणका-भाकरी केली."

"ऑनलाइन में खाने पे कैसे बुलाऊँ?"

मी म्हटलं, माहिती दे. वर्णनाची चौकट रिकामी आहे, ती भर. मीच भरतो. मी कागदावर मजकूर तयार केला, दोनदा सुधारला आणि एका बोटानं टाइप केला. चौकट लहान मुलांच्या मापाची होती. माझं जेवढं मावलं तेवढंच राहिलं: "हमारे समाज में विवाह के अवसर पर श्वेत वस्त्र का"

"का क्या, आजोबा?"

पुढचं सगळं बाहेरच राहिलं होतं. तिनं ते पुसलं आणि स्वतः लिहिलं, "मेरी आजी की शादी की साड़ी है। सच में।"

याचा थोडा गुण आला. एकीनं "सॉरी" लिहिलं. एकीनं विचारलं, "आजी मतलब?" एका मुलीनं मात्र फार मायेनं सल्ला दिला, "लाल कर दो यार, सब ले लेंगे।" लाल करायला एक बटण दाबायचं होतं. सीझन संपायला आता फार वेळ उरला नव्हता आणि साडी अजून कुणीही घेतली नव्हती. नातीनं बोट बटणावर नेलं आणि माझ्याकडे पाहिलं.

"लाल में कम से कम बचेगी तो।"

खरं सांगायचं तर ‘कर’ हे माझ्या ओठावर आलं होतं. रंगीत का होईना, घडी राहील, निऱ्या राहतील. बाहुलीच्या अंगावर तीच साडी फिरेल, फक्त लखनौच्या सुनेसारखी. नात वाट बघत होती. मग तिनंच बोट काढून घेतलं आणि बोटाला लागलेला आंब्याचा रस फ्रॉकला पुसला.

"लाल तो मार्केट में पाँच हज़ार हैं," ती म्हणाली. "आजी हँसेंगी।"

शेवटच्या दुपारी मी मुद्दाम पलीकडच्या खोलीत जाऊन बसलो. पुस्तक उघडं होतं. ती धावत आली तेव्हा त्याच पानावर होतो.

"आजोबा! एक लड़की पूछ रही है!"

दुसऱ्याचं कापड बदलून वापरायचं असलं तर त्या खेळात आधी विचारावं लागतं. ही रीत मला आवडली. विचारणाऱ्या मुलीच्या बाहुलीचे केस हिरवे होते. तिनं लिहिलं होतं, "तुम्हारी साड़ी में पॉकेट लगा लूँ? और नीचे बूट?"

"साडीला खिसे?" मी म्हणालो. "आणि बूट? लग्नात? तिला सांग, ही साडी—"

"आजोबा, अभी चुप।"

तिनं विचार केला. ती विचार करते तेव्हा खालचा ओठ चावते. मग हळूहळू टाइप केलं आणि पाठवण्याआधी मला वाचून दाखवलं, "पॉकेट लगा लो। बूट भी। बॉर्डर मत छूना।"

कूलर घरघरत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी ई-रिक्षावाल्याशी भांडत होतं, दोघंही एकमेकांना ‘आप’ म्हणत.

मग उत्तर आलं. "बॉर्डर क्यों छूऊँगी? बॉर्डर के लिए ही तो ले रही हूँ।"

नातीनं परवानगीचं बटण दाबलं. साडीच्या कोपऱ्यात एक लहानसं कुलूप उमटलं, आणि त्याखाली लिहून आलं की हे कापड आता बाजारात कायम राहील. ती पलंगावर उभी राहून उड्या मारायला लागली. पलंग जुना आहे हे मी तिला सांगितलं नाही.

थोड्या वेळानं हिरव्या केसांची बाहुली रॅम्पवर आली. पायात गुडघ्यापर्यंत जांभळे बूट, पाठीवर मी ज्यांची परवानगी दिलेली नव्हती असे पंख, दोन्ही हात साडीच्या खिशात. पदर चुकीच्या खांद्यावर. काठ खाली बुटांवर लागत होता, निळा, जसाच्या तसा.

"पदर उलटा आहे," मी म्हणालो.

"आजोबा!"

"नाही, चाल चांगली आहे तिची."

तेवढ्यात दाराच्या कुलपात किल्ली फिरली आणि मुलगी आत आली. उन्हानं लाल झाली होती. नातीनं तिच्यासमोर टॅबलेट धरला. तिनं पाहिलं, आणखी जवळून पाहिलं.

"आईच्या साडीला खिसे कुणी लावले?"

"एक लड़की ने। पता नहीं कहाँ की है।"

"आणि हे बूट?"

"बूट भी उसी के।"

मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार. ती भिंतीला टेकली. खांद्यावरची बॅग, डब्याची पिशवी, ओढणी, काहीच तिनं अजून उतरवलं नव्हतं.

"परत चालव तिला," ती म्हणाली. "सुरुवातीपासून."