मावशीच्या आवाजाचे बारा नमुने

ऑफिसात तिला सगळे टेपताई म्हणायचे. खरं नाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच राहायचं. जुन्या रेडिओ केंद्राच्या तळघरात साडेतीन हजार टेपा पडून होत्या. त्या एकेक करून कॉम्प्युटरवर चढवायच्या, आवाजाची खरखर काढायची आणि कुठल्या टेपवर काय आहे ते नोंदवून ठेवायचं, हे तिचं काम. एकवीस वर्षं ती तेच करत होती. छत गळून निम्म्या टेपांच्या चिठ्ठ्या निघून गेल्या होत्या. ज्यांनी त्या धड चिकटवल्या नव्हत्या त्यांचा उद्धार ती दर सोमवारी नव्या जोमानं करायची.

या टेपांमध्ये कुठंतरी तिची आई होती. आई याच केंद्रावर दुपारच्या कार्यक्रमात श्रोत्यांची पत्रं वाचायची. दोन वर्षं वाचली, आणि टेपताई पाच वर्षांची असताना गेली. घरात आईचे चार फोटो होते, एक स्वेटर होता, पण आवाज नव्हता. आपल्या आईचा आवाज आपल्याला आठवत नाही, ही गोष्ट पन्नाशी उलटली तरी तिला सलायची. आणि नुसत्या टेपा ऐकत बसून उपयोग काय? पत्रं वाचणाऱ्या बायका आठ-दहा, नाव एकीचंही लिहिलेलं नाही. कानात प्रत्यक्ष आई बोलली असती तरी हिला कळलं नसतं.

मग केंद्रानं एक नवा प्रोग्रॅम घेतला. त्याला दोन आवाज दिले की ते किती जुळतात त्याचे शंभरपैकी गुण तो सांगायचा. टेपताईला पहिली आठवली मावशी. दोघी बहिणी दाराआडून बोलल्या तर कोण कुठली ते कळत नाही, असं घरात सगळे म्हणायचे. आईमागं मावशीनंच तिला वाढवलं होतं. आता मावशी ब्याऐंशीची होती, आणि बहिणीचा विषय निघाला की ती भांडी घासायला उठायची. म्हणून टेपताईनं "ऑफिसचं काम आहे" अशी थाप मारली आणि तिच्या आवाजाचे बारा नमुने घेतले. पेपर वाचताना, शेजारणीशी गप्पा मारताना, गॅसवाल्याला फोनवर फैलावर घेताना.

आता प्रत्येक नमुना प्रत्येक टेपशी ताडून बघायचा. हे हातानं करायचं म्हटलं तर जन्म गेला असता. पण काळ्या पडद्यावर एक ओळ लिहायची, एका बाजूला बारा फायली, दुसऱ्या बाजूला साडेतीन हजार, की पुढच्या जोड्या मशीन स्वतः लावायचं आणि सोळा-सोळा कामं एकाच वेळी चालवायचं. तिनं आपल्याच एका जुन्या ओळीची नक्कल केली, फायलींची नावं बदलली आणि बटण दाबलं. सगळं मिनिटाभरात उरकलं. जुळली नाही ती नाहीच, एकसुद्धा.

तीन आठवडे तिचं कशात लक्ष लागलं नाही. टेपा त्याच, टेबल तेच, पण तळघर रिकामं झालं होतं. शेवटी सर्व्हरकाकांनी तिला गाठलं. हे मशीनखोलीचे प्रमुख, तिच्याहून दोनच वर्षांनी मोठे, पण टक्कल पडल्यामुळे सगळ्या ऑफिसचे काका.

"टेपताई, मिनिटाभरात? माझं मशीन चांगलं आहे, पण जादूगार नाही हो." त्यांनी नोंदी उघडल्या. "कामं किती झाली बघा. बारा."

"बारा कशी? बेचाळीस हजार व्हायला हवीत!"

"मग इथं हे अधिकचं चिन्ह कशाला घातलंत?"

तिच्या तोंडचं पाणी पळालं. जुनी ओळ टेपांना चिठ्ठ्या लावायची होती. पहिल्या टेपला पहिली चिठ्ठी, दुसरीला दुसरी. त्यासाठी ते चिन्ह लागायचं. शाळेत दोन रांगांतली मुलं समोरासमोरच्याचा हात धरतात, तसंच इथं झालं होतं. बारा नमुन्यांनी बारा टेपांचे हात धरले, आणि उरलेल्या तीन हजार चारशे अठ्ठ्याऐंशींना कुणी विचारलंसुद्धा नाही.

"एकवीस वर्षं झाली हो काका मला या कामात!"

"म्हणूनच चुकलात. नवशिक्यानं ओळ पहिल्यापासून लिहिली असती."

तिनं ते चिन्ह खोडलं. या खेपेला काम तीन दिवस चाललं, आणि तीन दिवस ती दर दहा मिनिटांनी आकडा बघत होती. यादी आली तेव्हा सगळ्यात वर एकच टेप होती. बाराही नमुन्यांशी जुळलेली, अठ्ठ्याण्णव गुण. खाली सत्तरीच्या घरात तीसेक टेपा होत्या, त्यांच्याकडे तिनं ढुंकूनही पाहिलं नाही.

"बहिणीबहिणींचे आवाज सारखे, मान्य," काका म्हणाले. "पण अठ्ठ्याण्णव?"

"काका, तुम्हाला माणसाचा आनंद बघवत नाही का हो?"

तिनं हेडफोन चढवला. 'श्रोतेहो, आजचं पहिलं पत्र...' हाच! हा आवाज तिच्या हाडामांसात होता. कुणी सांगायची गरजच नव्हती. ती सगळ्यांदेखत ढसाढसा रडली.

संध्याकाळी तिनं लॅपटॉप घरी नेला आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर मावशीपुढं ती टेप लावली. भाजी निवडणारे मावशीचे हात थांबले.

"कुठं मिळालं तुला हे?"

"आई आहे ना?"

"अगं वेडे," मावशी म्हणाली, "ही मी."

टेपताईनं टेप थांबवली.

"शेवटच्या महिन्यात तिला उठवत नव्हतं. आपल्या जागी दुसरी कुणी बसेल म्हणून जीव टांगणीला लागला होता तिचा. म्हणाली, एक दिवस तू जा, कुणाला कळणार नाही. गेले. खरंच कुणाला कळलं नाही. पुढच्या आठवड्यात ती गेली."

"इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तिच्या खुर्चीत बसले, तिच्या लेकीची आई झाले, हे?" मावशीनं भाजी बाजूला सारली. "बाकीच्या कुठायत?"

"बाकीच्या?"

"मी एक दिवस वाचलं. ती दोन वर्षं वाचत होती."

टेपताईनं सत्तरीतल्या टेपा उघडल्या. पहिली नाही, ती बाई नाकात बोलायची, मावशी म्हणाली. दुसरी नाही, तिसरीही नाही. चौथ्या टेपवरचा आवाज बारीक होता, जरा घाईतला. टेपताईला तो अगदी परका वाटला. ती पुढची लावायला गेली तेवढ्यात मावशीनं तिचं मनगट धरलं.

टेपताईनं जिवाचा कान केला. आत काहीच हललं नाही. हाडामांसातला आवाज तर समोर बसला होता, आणि ही पत्र वाचणारी, जिच्यासाठी एकवीस वर्षं तळघरात काढली, ती तिची कुणीच लागत नव्हती. इतकं एकटं तिला आई नसतानाही कधी वाटलं नव्हतं.

पत्र संपलं. मावशी डोळे मिटून बसली होती, गाल ओले.

"परत लाव," ती म्हणाली. "सेहेचाळीस वर्षं झाली गं तिला ऐकून."

टेपताईनं परत लावलं. मग परत. चौथ्या वेळी आई कुठं श्वास घेते ते तिला आधीच कळायला लागलं होतं.