फोटोपुरतं घड्याळ

माहे बाबा रामाजी सदर भागातल्या एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. पडद्यावर ज्याचं थोबाड दिसते त्याच्यासाठी लोकं शिट्ट्या मारतात. ते थोबाड दाखवणारा मागच्या खोलीत घामानं निथळत राहते, त्याले कोणी विचारत नाही. पिक्चरच्या मशीनमध्ये कार्बनच्या कांड्या जळायच्या, त्यांच्या उजेडानं अन् धुरानं बाबाचे डोळे कायम लाल. पण जन्मात कोणाशी खोटं बोलले नाहीत. हे मी, त्यांची पोरगी सुभद्रा, आधीच सांगून ठेवते, कारण पुढं दुनियेनं त्यायलेच खोटं ठरवलं.

त्र्याहत्तर सालची गोष्ट. विलायती घड्याळं विकणाऱ्या मुंबईच्या एका कंपनीले सिनेमावाल्यांचा भारी पुळका आला. 'चित्रपटसृष्टीला आमचा हातभार' असं कापडावर रंगवून टॉकीजच्या दारात टांगलं. हातभार कसला डोंबलाचा! नटाच्या मनगटावर घड्याळ बांधायचं, फोटो पेपरात छापायचा अन् दुकानात माल खपवायचा. त्या वर्षी कंपनीच्या साहेबाले वाटलं, एखादा गरीब माणूस फोटोत असला म्हणजे बरं दिसते. टॉकीजच्या शेठनं बाबाले स्टेजवर ढकललं. मुंबईहून आलेल्या नटानं त्यांच्या मनगटावर सोनेरी पट्ट्याचं घड्याळ बांधलं. टाळ्या झाल्या, फोटो निघाला.

मंग आतल्या खोलीत साहेबानं हात पुढं केला. "द्या ते. फोटोपुरतं होतं." बदल्यात काय दिलं? कॅलेंडर! मुडदा बसवला त्याचा.

बाबाची चूक एकच झाली. पेपरातला तो फोटो त्यांनी कापला, काच लावून मढवला अन् घरात बुद्धाच्या तसबिरीखाली टांगला. माही माय रुखमाबाई म्हणाली, "काहून टांगता जी? घड्याळ तर नेलं त्यायनं."

"घड्याळ नेलं वं," बाबा म्हणाले, "माहा चेहरा थोडीच नेला?" जन्मात एकदा पेपरात आले होते. त्यांना मोह आवरला नाही.

थोड्या दिवसांत माहं लगन जमलं. कळमेश्वरच्या देवरावचा पोरगा रवींद्र, कारखान्यात फिटर. मले पसंत होता, खोटं काहून बोलू? दीक्षा घेतल्यापासून आमच्या लोकांत हुंड्याचं नाव काढायचं नाही असं ठरलेलं. देवराव तर सभेत उभे राहून त्यावर भाषणं ठोकायचे. पण बैठकीच्या दिवशी त्यांनी भिंतीवरचा फोटो पाह्यला अन् नियत फिरली.

"हुंडा नको गा रामाजी, आमी बौद्ध माणसं. ते घड्याळ तेवढं जावयाले प्रेमानं दे."

बाबानं झालं तसं सांगतलं. देवराव हसले. "पेपरात छापून आलं, अन् तू सांगून राहिला घड्याळ नाही? पोरीपेक्षा घड्याळ प्यारं झालं काय गा?"

तिथून जी बोंब उठली! नळावर बाया मले विचारायच्या, "सुभे, तुह्या बापानं घड्याळ कुठं दडवलं वं?" तळपायाची आग मस्तकात जायची. बाबा जेवता जेवता हात थांबवून बसायचे. शेवटी देवरावनं अट घातली. "कंपनी घड्याळ खरंच वापस घेते काय, ते पुढच्या कार्यक्रमात मी डोळ्यानं पाहतो. मंगच लगन."

पुढच्या साली कंपनी पुन्हा आली. मागचा फोटो झकास आला होता म्हणून शेठनं बाबालेच उभं केलं. आमी मायलेकी अन् देवराव बापलेक समोरच बसलो होतो. नटानं घड्याळ बांधलं. टाळ्या संपल्या तरी बाबा खाली उतरेनात. माईकपाशी गेले.

"साहेब, मागच्या खेपेले तुमी आत नेऊन काढून घेतलं. आज इथंच घ्या. माह्या व्याह्याले पाहू द्या."

साहेबाचं तोंड पाहण्यासारखं झालं. समोर पेपरवाले बसलेले! "अहो रामाजी, हे तुमचंच आहे," तो दात काढत म्हणाला. खायचे दात वेगळे अन् दाखवायचे वेगळे. बाबानं पट्टा सोडला अन् घड्याळ त्याच्या हातात ठेवलं. "असं दिलेलं मले नको."

मले वाटलं, आता देवराव माफी मागतील. त्यांनी बाबाले बाहेर व्हरांड्यात गाठलं अन् खेकसले, "येडा हायेस काय गा? दुनियेसमोर तो तुहं म्हणून राहिला होता! माह्या पोराचं घड्याळ तू हातानं वापस केलं!"

म्हणजे बाबा खरं बोलत होते हे त्याले पटलं होतं, अन् त्याचं त्याले काहीच नव्हतं. मी रवींद्रकडं पाह्यलं. तो खाली मान घालून म्हणाला, "ठेवून घ्यायले पाहिजे होतं."

मी म्हटलं, "तुमाले सासरा नाही, घड्याळाचं दुकान पाहिजे. सदरात लय हायेत. तिथं जाऊन करा लगन!"

शेठनं त्याच दिवशी बाबाले कामावरून काढलं. घरी येताना माय रडून राहिली होती. बाबा म्हणाले, "सुभे, लगन मोडलं वं."

"मोडू द्या."

"पण मी खोटा नव्हतो, हे दिसलं ना सगळ्यायले?"

"दिसलं, बाबा."

घरी आल्यावर ते फोटो उतरवायले गेले. मी उतरवू दिला नाही. पुढं बाबा पारशिवनीकडं तंबूतल्या टॉकीजवर जात राहिले, अन् मले पाहायले जो आला त्याले मी त्या फोटोसमोरच बसवलं. ज्यानं घड्याळाचं विचारलं, त्याच्यासमोरचा चहा उचलून आत नेला. लोकं म्हणाले, रामाजीची पोरगी माजली. माजली तर माजली!

मंग एक दिवस चंपतराव मले पाहायले आले. फोटो बराच वेळ पाह्यला अन् बाबाले विचारलं, "मामाजी, फोटोत तुमचे डोळे काहून असे सुजलेले दिसून राहिले हो?"

त्या माणसाले मी दुसऱ्यांदा चहा दिला.