धोंडाबाईंचा एकोणिसावा वाढदिवस

पंचवटीच्या भाजीबाजारात धोंडाबाईंच्या पुढ्यातली मेथीची जुडी उचलून कुणी उगाच उलटसुलट करू लागलं, की त्या विचारायच्या, "भाजी घ्यायचीय का तिचं लगीन ठरवायचंय?" गिऱ्हाईक ओशाळायचं आणि एकीऐवजी दोन जुड्या घेऊन जायचं. तीस वर्षं त्या एकाच जागी गोणपाट टाकून बसत होत्या. भाव एकदाच सांगायच्या. घासाघीस करणाऱ्याशी भांडायच्या नाहीत, सरळ दुसरीकडे तोंड करून तंबाखू मळायला घ्यायच्या. बाजारात त्यांचा दरारा होता, आणि खरं सांगायचं तर तो त्यांना आवडायचाही.

धोंड्याच्या महिन्यात जन्मल्या म्हणून नाव धोंडाबाई. तारीख, वार त्यांच्या आईला कधीच सांगता आलं नाही. अधिक महिना होता आणि घरात थोरल्या बहिणींचे नवरे जेवायला बसले होते, एवढंच तिला आठवायचं. तीनेक वर्षांनी येणारा हा महिना असतोच मुळी जावयांचा. त्यांना बोलवा, पुरणाचे धोंडे करून वाढा, वर कपडे द्या. त्या धांदलीत पोरीचा वाढदिवस कोण लक्षात ठेवतो? मग धोंडाबाईंनी आपल्यापुरता कायदा केला, की ज्याचा महिना तीन वर्षांनी येतो त्याचं वयही तीन वर्षांनी एकदाच वाढतं. त्या कायद्याने ऐंशी सालच्या मे महिन्यात त्यांना एकोणिसावं लागत होतं. तोंडात वरचे चार दात नव्हते, पण तेवढं चालायचंच.

अशा या कुणाला न भिणाऱ्या बाईला एका गोष्टीची मात्र भीती होती.

त्यांच्या सिंधूचं लग्न होऊन नऊ वर्षं झाली होती. जावई यादवराव सातपूरच्या एका कारखान्यात फिटर होते. माणूस अबोल आणि सरळ, मटण दिसलं की मात्र डोळ्यांत चमक यायची. सगळं छान होतं, फक्त सिंधूला मूल नव्हतं. आणि लेकीला मूल होईपर्यंत आईने तिच्या घरचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही, अशी जुनी रीत. आता ती कोण पाळतं? शेजारी कांदे-बटाटे विकणाऱ्या भागीबाई तर लेकीचं लग्न झालं त्याच महिन्यात तिच्याकडे पुरणपोळी हाणून आल्या होत्या. धोंडाबाई मात्र सातपूरला जाताना स्वतःचं पाणी घेऊन जायच्या, पितळी फिरकीच्या तांब्यात. सिंधू दर वेळी पेला भरून आणायची. दर वेळी आई पिशवीतून तांब्या काढून झाकणाची फिरकी सोडायची, आणि सिंधू पेला आत घेऊन जायची.

लोकांना वाटायचं, म्हातारी हट्टी आहे. हट्टी होत्याच त्या, पण इथे कारण निराळं होतं. आता लेकीकडे जेवायला बसलो, तर नातवंडाची वाट बघणं आपण सोडलं असा त्याचा अर्थ होईल, असं त्यांच्या मनाने घेतलं होतं. उपाशी राहू तोवर आशा आहे. हे त्यांनी कुणाला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर भागीबाईंनी त्यांना तिथल्या तिथे वेड्यात काढलं असतं.

त्या वर्षी धोंड्याचा महिना लागला आणि त्यांचा मुलगा वाळू बाजारात येऊन शेजारी उकिडवा बसला. "आई, औंदा दाजींना हॉटेलात जेवू घालू. आग्रा रोडला नवीन निघालंय, 'निखारा' नावाचं. यजमान आपणच. आणि तुझा वाढदिवसपण होऊन जाईल."

"माझा वाढदिवस जावयाच्या ताटात कशाला कालवतो?" धोंडाबाई म्हणाल्या. पण ऐकून बरं वाटलं होतं. जावयाला आपणच जेवायला घालायचं, म्हणजे रीतही मोडत नव्हती. त्यांनी दोन अटी घातल्या. अधिक महिन्यात मटण-कोंबडी, कसलंच वशाट कुणी खायचं नाही, आणि धोंडे घरचेच न्यायचे.

पहिली अट वाळूने यादवरावांच्या कानावर घातली, तेव्हा त्यांनी हॉटेलचं नाव पुन्हा विचारून घेतलं. मग म्हणाले, "चालेल. पण हॉटेल तेच ठेवा."

रविवारी दिवेलागणीला चौघं 'निखारा'त पोचली. मागच्या अंगणात आंब्याखाली टेबलं मांडली होती. फाटकावर मोठ्या अक्षरांत 'बार्बेक्यू' लिहिलं होतं. देवळाली कॅम्पात ऑफिसरांच्या मेसमध्ये वीस वर्षं भट्टी सांभाळलेल्या एका खानसाम्याने हे हॉटेल काढलं होतं. धोंडाबाईंनी ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं होतं. एका पिशवीत धोंड्यांचा डबा, तुपाची बरणी आणि यादवरावांसाठी टॉवेल-टोपी होती. दुसऱ्या पिशवीत सवयीने तांब्या होताच.

टेबलाच्या मधोमध भोक होतं. वेटरने त्यात निखाऱ्यांनी भरलेली लहानशी लोखंडी शेगडी बसवली, शेजारी भाज्या ओवलेल्या सळ्यांचं ताट ठेवलं, आणि निघाला.

"अहो, हे कच्चंच हाय की," धोंडाबाईंनी त्याला हटकलं.

"इथं आपलं आपण भाजून घ्यायचं, मावशी. तीच तर मजा आहे."

"म्हंजे रांधायचं गिऱ्हाइकानं, अन मजा तुमची." त्यांनी एक सळई उचलून डोळ्यांजवळ धरली. ढोबळी मिरची, कांदा, टोमॅटो, वांगं, बटाटा, पनीर. "मिरची कालची हाय. टमाटा बरा हाय."

सिंधूने पदर खोचला आणि सळ्या शेगडीवर मांडल्या. पुठ्ठ्याने वारा घातला, कडेच्या वाटीतलं तेल लावलं, एकेक सळई फिरवत राहिली. वांग्याची साल तडतडून करपली, तशी तिने फुंकर मारून ती सोलली, मीठ-लिंबू लावलं आणि पहिला घास आईच्या ताटात ठेवला.

धोंडाबाईंनी खाल्लं. नाव ठेवलं नाही, याचा अर्थ आवडलं. मग दुसरी सळई आली, तिसरी आली. कालच्या मिरचीचाही त्यांनी फडशा पाडला. वाळू एकटा चार सळ्या खाऊन पाचवीकडे बघत होता. शेजारच्या टेबलावर कोंबडी भाजत होती आणि यादवराव तिकडे अजिबात न बघता बटाटा चावत होते. जावयाचा तो संयम बघून धोंडाबाईंना त्यांची दया आली. त्यांनी त्यांना टॉवेल-टोपी दिली आणि लगबगीने डबा उघडला.

"थंड धोंडे जावयाला कसे द्यायचे?" असं म्हणून त्यांनी दोन धोंडे शेगडीवर ठेवले आणि वरून सढळ हाताने तूप सोडलं.

तूप निखाऱ्यांवर पडलं मात्र, हातभर जाळ उठला. वाळू खुर्चीसकट मागे गेला. धोंडाबाईंनी क्षणाचाही विचार न करता तांब्या काढला, फिरकी सोडली आणि सगळं पाणी शेगडीवर ओतलं. फस्स करून राखेचा लोट उठला आणि नुकत्याच घातलेल्या नव्या टोपीसकट यादवराव करडे झाले.

अंगणातली सगळी टेबलं हसू लागली. यादवरावांनी टोपी काढून झटकली, पुन्हा घातली, आणि ताटात उडालेला अर्धा काळा धोंडा उचलून खाल्ला. "गरम झालाय, मामी," ते म्हणाले. मग धोंडाबाईंनाही हसू आवरेना. डोळ्यांत पाणी येईपर्यंत त्या हसल्या.

वेटर दुसरी शेगडी घेऊन आला. सिंधू पुन्हा कामाला लागली. तिची बोटं काळी झाली होती, कपाळावर राखेचा फराटा होता. तिने वांगं सोललं, फुंकर मारली आणि आईच्या ताटात ठेवलं. मग ती आईच्या तोंडाकडे बघत बसली. मघापासून ती तशीच बघत होती, आणि तिने स्वतः अजून एक घासही खाल्ला नव्हता.

धोंडाबाईंचा हात तोंडाशी जाता जाता थांबला.

हे रांधलं कुणी? वाळूने हॉटेलात आणलं होतं, भाजी हॉटेलची होती, सगळं रीतीत बसत होतं. पण भाजलं, सोललं, मीठ लावलं, वाढलं ते सिंधूने. नऊ वर्षांत पहिल्यांदा त्या लेकीच्या हातचं खात होत्या, आणि तेही पोटभर.

"यादवराव," त्या सावकाश म्हणाल्या, "तुमी आधी आलते का इथं?"

यादवरावांनी ताटात बघितलं. "एकदा. कारखान्यातल्या लोकांबरोबर."

"इथं आपलं आपण रांधत्यात, ठावं व्हतं तुमाला."

"होतं."

एवढ्यासाठी हा माणूस मटणाच्या हॉटेलात बसून बटाटे चावत होता. धोंडाबाईंनी हातातल्या घासाकडे बघितलं. त्यांनी घास ताटात ठेवला नाही, तोंडातही घातला नाही.

"आई," सिंधू म्हणाली, "तू तांब्या काढतेस ना, तेव्हा दर वेळी मला आठवतं, की मला मूल नाही. एरवी दिवसभर माझ्या लक्षातही नसतं."

धोंडाबाईंना हे कधी सुचलंच नव्हतं. लेकीसाठी त्या उपास करत होत्या आणि त्याचे चटके बसत होते लेकीला.

"मला वाटायचं, म्या जेवले तर देव म्हनंल, हिनं आस सोडली."

"मूल होईल नाहीतर नाही होणार. तू मात्र आत्ता आहेस. मला तुला जेवायला वाढायचंय." बोलतानाही सिंधू हातातली सळई फिरवत राहिली.

धोंडाबाईंनी वांग्याचा घास तोंडात घातला. चार दात नव्हते, तरी बराच वेळ चावत राहिल्या. मग ताट पुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "मीठ जरा कमी हाय. पन वाढ अजून."

जाताना वाळूने वेटरला वाढदिवसाचं सांगितलं. खानसामा स्वतः बाहेर आला आणि त्याने मोठ्या अदबीने विचारलं, कितवा? "एकोनिसावा," धोंडाबाईंनी सांगितलं. त्याने भुवई न हलवता मान लववली, आणि माणूस मेसमध्ये मुरलेला आहे हे त्यांना पटलं.

तीन दिवसांनी, बुधवारी, बाजार आटोपून त्या बसने सातपूरला गेल्या. सिंधूने दार उघडलं. आईच्या हातात एकच पिशवी होती आणि तिच्यात भरताची दोन मोठी वांगी होती.

"आई, तांब्या विसरलीस?"

"विसरंन कशी? वाळ्याला दिला, कामावर न्यायला." त्या पंख्याखाली खुर्चीत टेकल्या, पाय लांब केले. "वांगी भाज. जेवूनच जानार हाय. आधी पानी दे, घसा सुकलाय."

सिंधूने पेला आणला. धावतच आणल्यामुळे अर्धं पाणी वाटेतच सांडलं होतं. धोंडाबाईंनी उरलेलं एका दमात पिऊन टाकलं आणि रिकामा पेला तिच्यापुढे धरला.

"अजून दे," त्या म्हणाल्या. "नऊ वर्सांची तहान हाय."