ढेपेवरचं पान

अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्वदीर्घही चुकणार. चौथीपर्यंतचीच शाळा, माफ करा. पण मुकादमांबद्दल लिहायचं आहे. तोंडाने कधी बोलले नाही.

मुकादम पोलादपूरकडच्या कुडपण गावचे. महाडच्या कारखान्यातला काळा तेलकट गाळ आम्ही बायका हौदात राख-सिमेंट घालून कालवायचो, ढेपा पाडायचो. ढेप आळली की गाडीत भरून दूर पुरायला जायची. कच्ची गेली तर तेल सुटून जमिनीत, पुढे नदीत. ती तपासायला यंत्र असतं म्हणे. आमच्याकडे मुकादम होते. ते चपलांसकट ढेपेवर चढून सावकाश पान लावायचे. पान तोंडात जाईपर्यंत पाय रुतला नाही, तर ढेप पास. एवढा मोठा शोध, पण सरकारने दखल घेतली नाही.

हातमोज्यांची त्यांना फार काळजी. खराब होऊ नयेत म्हणून कुलपात ठेवायचे. साहेब आले की वाटायचे, "घाला गो, साहेबाला बरं वाटंल."

मग त्यांना कावीळ झाली. परतले ते काठी होऊन, ऐट मात्र तीच. तोवर ठेकेदाराने सिमेंट निम्मं केलं होतं, आणि मुकादमही निम्मे होऊन आले होते. ढेपेवर चढले, पान लावलं, "पास!" पुरायच्या जागेवरून गाडी तेल गळत परत आली. ठेकेदाराने कापली ती आमची मजुरी.

मुकादम ढेपेलाच नावं ठेवू लागले, तशी आमच्यातली शेवंताकाकू कडाडली, "ढेपेला काय बोलता, तुमीच हलके झालात!"

मुकादम पान हातातच धरून बसले. "चूक माझ्या वजनाची. पैसं मी देणार." आम्ही हसलो. चहा पाजतो, हेही ते वर्षानुवर्षं सांगत होते.

त्या दिवसापासून ते मला चढवू लागले. सगळ्यांत जड मीच. "चढ गो, लाजतेस काय?" मी मान खाली घालून वर, ते खाली पान लावत. एकदा माझा पाय रुतला. ठेकेदार म्हणाला, चालेल, भरा. मुकादम गाडीपुढे उभे राहिले. "तिचा पाय रुतला, गाडी जाणार नाय."

गाडी गेली नाही, मुकादमांची नोकरी गेली. आमचे पैसेही गेले, असं सगळ्यांनी धरलं.

गणपतीच्या आधी ते पोलादपूरच्या स्टँडवर भेटले. नाचणी विकायला आले होते. खिशातून नोटा काढल्या. "बाकीच्यांचं दिलं. तुझंच राहिलेलं. मोजून घे गो."

मला लाज वाटली, मोजल्या नाहीत. घरी येऊन मोजल्या. पुरत्या होत्या.