झाकणावरचा आकडा

ग्राफिक डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला एक नियम होता. गटाचं काम संपलं की प्रत्येकाने सहाशे शब्दांचं मनोगत लिहून द्यायचं. विषय ठरलेला: ‘संघकार्य आणि माझ्या प्रेरणा’. काम कसंही झालेलं असो, मनोगत चांगलंच होत असे. महिनाभर एकमेकांचं तोंड न पाहिलेली मुलं ‘आम्ही एका कुटुंबासारखे होतो’ असं लिहीत, आणि कुटुंबांचा एकंदर अनुभव पाहता ते अगदीच खोटं नसे. प्रेरणेच्या रकान्यात निसर्ग असे. निसर्गाने कधी हरकत घेतली नव्हती.

वर्गात ज्याला आकड्या म्हणत, त्या मुलाने पहिल्या वर्षी सूर्यास्त लिहिला होता. केशरी, किरमिजी, गुलबक्षी, सगळे एका परिच्छेदात. सरांनी समासात ‘नजर आहे’ असा शेरा दिला होता. आकड्याला सूर्यास्त कसा दिसतो ते सरांना माहीत नव्हतं. तो त्याला साधारण ओल्या पुठ्ठ्यासारखा दिसतो.

आकड्याला हिरवा आणि तांबडा वेगळे ओळखू येत नसत. तपकिरी त्या दोघांच्या मध्ये कुठेतरी घुटमळत असे. मामाचंही तेच होतं. आईच्या माहेरून या घरात एक शिलाई मशीन, एक भिंतीवरचं घड्याळ आणि ही गोष्ट अशा तीन वस्तू आल्या. त्यातल्या दोन आईला माहीत होत्या. आई पुढच्या खोलीत कपडे शिवायची. दोऱ्याच्या प्रत्येक रिळाच्या बुडाशी नंबर छापलेला. “बाराशे सात आण रे,” आई म्हणायची, आणि पोरगा बाराशे सात आणायचा. कधी ती नुसतं “तो शेवाळी दे” म्हणाली, तर हा आधी कंपनीच्या तक्त्यात शेवाळीपुढचा नंबर बघून घ्यायचा. आईला वाटायचं, पोर भारी टापटिपीचं आहे.

शाळेत एकदा त्याने झाडाला तपकिरी पानं काढली होती. “झाड मेलं का रे?” बाईंनी विचारलं. वर्ग हसला. हा म्हणाला, “हो.” त्या दिवसापासून तो खडूवरची नावं वाचूनच रंगवू लागला, आणि त्याची झाडं जगू लागली.

ग्राफिक डिझाइनला यायची काय गरज होती, असं कोणी विचारलं असतं तर त्याच्याकडे उत्तर होतं. शाळेच्या सहलीत त्याने एक छापखाना पाहिला होता. बाकीची मुलं खाऊच्या डब्यांकडे बघत होती, आणि हा यंत्राच्या तोंडाशी उभा राहून एकामागून एक फटाफट बाहेर पडणारे कागद बघत राहिला. तेव्हापासून त्याला त्या यंत्रापाशी उभं राहायचं होतं. चौथ्या वर्षाला मुद्रण शाखा होती, तिच्यात आठ जागा, आणि त्या आठ जागांची एकच अट: नजर पक्की हवी.

संगणकाने त्याचं काम सोपं केलं. संगणकावर रंग म्हणजे चार आकडे. लोक रंग पाहायचे, हा वाचायचा. शेकडो रंगांचे आकडे त्याला तोंडपाठ झाले, म्हणून नाव पडलं आकड्या. राहिली भाषा, तीही त्याने कान देऊन उचलली. चित्रकलेतली माणसं रंगाबद्दल क्रियापदांत बोलतात हे त्याच्या लवकर लक्षात आलं. रंग ओरडतो, रंग मरतो, रंग बसत नाही. कोणी “कसा वाटतो?” म्हणून विचारलं की हा डोळे बारीक करून “जरा ओरडतोय” म्हणायचा. दहापैकी नऊ वेळा समोरचा मान डोलवायचा, कारण विचारणाऱ्याला आधीच ती शंका असते, म्हणून तर तो विचारतो.

त्याच्या गटात आणखी दोघं होती. एक फूटपट्टी. ही मुलगी कॅन्टीनच्या टेबलावरचे चमचेसुद्धा एका ओळीत लावून मग बोलायला सुरुवात करायची. दुसरा उद्या. त्याला कुठलंही काम सांगा, उत्तर एकच. फूटपट्टीचं आणि आकड्याचं दोन वर्षं तांबड्यावरून भांडण होतं. तिला तांबडा भडक हवा असे. हा आकडे सांगून तो उतरवायला लावी. शेवटी ती चिडून उतरवत असे, आणि लोकांनी वाहवा केली की आणखी चिडत असे.

त्या वर्षी त्यांना शहर बससेवेचा नकाशा करायचा होता. सात मार्ग, सात रंग, आणि बसच्या कपाळावरही त्याच रंगाची पाटी. चार नंबरचा मार्ग हिरवा, तो रुग्णालयाला जाई. सहा नंबरचा तांबूस तपकिरी, तो स्मशानापर्यंत. काम वाटून घेतलं. रेषा आणि मांडणी फूटपट्टीकडे. थांब्यांची यादी बस कचेरीतून आणायचं काम उद्याकडे. यादी यायला तीन आठवडे लागले. रंग आणि छापखाना आकड्याकडे. एवढा विश्वास त्याच्यावर पहिल्यांदाच टाकलेला नव्हता, त्यामुळे त्याला त्याचं ओझंही वाटलं नाही.

छापखाना म्हणजे एक लांब खोली, दोन यंत्रं आणि प्रेसवाले काका. नकाशातले सात रंग सात डब्यांतून यायचे होते. झाकणांवर रंगांचे आकडे लिहिलेले. काकांनी आदल्या दिवशी झाकणं धुऊन वाळत घातली होती, आणि लावताना दोन झाकणांची अदलाबदल झाली. पहिला कागद निघाला तेव्हा काकांनी तो उजेडात धरला.

“हे बघ बाबा. चार आणि सहा मला उलटे वाटतायत.”

आकड्याने कागद पाहिला. मग डब्यांकडे जाऊन झाकणं पाहिली.

“नाही काका. चारच्या झाकणावर तीनशे एक्केचाळीस आहे. बरोबर आहे.”

“अरे आकडा झाकणाचा, रंग डब्यातला. आत बघ ना.”

त्याने आत पाहिलं. डोळे बारीक केले. “बरोबर आहे,” तो म्हणाला, “जरा ओरडतोय, पण कागदावर बसेल.”

काका तीस वर्षं शाई कालवत होते. पण कॉलेजचा मुलगा, नजरेचं एवढं नाव, आणि बोलला इतका ठाम, की त्यांनाच आपला चष्मा बदलायला झाला असं वाटलं. आकड्याने नमुन्यावर सही केली. आठशे नकाशे छापून झाले.

दुसऱ्या दिवशी फूटपट्टीने गठ्ठा सोडला आणि तिच्या हातातली कात्री तशीच राहिली. नकाशाच्या कोपऱ्यात शब्दांत लिहिलं होतं, ‘रुग्णालय: हिरवा मार्ग’. आणि हिरवी रेष सरळ स्मशानात जात होती. आजारी माणसाला मधले टप्पे वगळून पोचवायची ही सोय बससेवेने मागितलेली नव्हती.

सर विभागप्रमुख होते. त्यांनी एका दृष्टिक्षेपात निदान केलं. “प्रेसचा गाढवपणा. आपला हा मुलगा रंगात चुकणं शक्यच नाही.” तासाभरात त्यांनी प्रेसला पत्र धाडलं: चूक तुमची आहे, आठशे प्रती पुन्हा छापून द्या, आणि यापुढे विभागाचं कुठलंही काम तुमच्याकडे येणार नाही. मुद्रण शाखेची यादीही त्याच आठवड्यात जायची होती. पहिलं नाव आकड्याचं होतं.

तो बाहेर जिन्यावर येऊन बसला. फूटपट्टी म्हणाली, “काकांनी तुला न दाखवता छापलं?”

“दाखवलं. ते म्हणाले उलटं वाटतंय. मी म्हटलं बरोबर आहे.”

“म्हणजे?”

“म्हणजे मला दिसत नाही. हिरवा आणि तांबडा. कधीच दिसला नाही.”

फूटपट्टीला त्यावर जे सुचलं ते काकांबद्दल नव्हतं, यादीबद्दलही नव्हतं. “माझं ते नाटकाचं पोस्टर. तू म्हणालास, तांबडा उतरव.”

“हो.”

“आणि मी रडून उतरवला.”

“सगळ्यांना आवडलं होतं.”

“तुला आवडलं होतं का?”

“मला आधीचं आणि नंतरचं सारखंच दिसत होतं.”

“दोन वर्षं!” ती उठून उभी राहिली. “दोन वर्षं तू माझ्याशी नसलेल्या डोळ्यांनी भांडलास!”

“डोळे आहेत. तेवढ्यापुरते नाहीत.”

“मला माहीत होतं,” उद्या म्हणाला. दोघांनी वळून पाहिलं. “पहिल्या वर्षापासून. एक हिरवा आणि एक तपकिरी मोजा घालून यायचास तू. एकदा नाही, दर सोमवारी.”

“मग बोलला का नाहीस?”

“बोलणारच होतो रे.” पुढचा शब्द त्याने गिळला. गिळायची वेळ त्याच्यावर प्रथमच आली असावी.

फूटपट्टी निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, “काकांचं काय ते बघ आधी. माझं मी बघते.”

आकड्याने त्या दिवशी मनोगत लिहायला घेतलं. सरांच्या समोर जाऊन बोलायचा धीर नव्हता, आणि कागदाला तोंड नसतं. त्याने सरळ लिहिलं. मला हिरवा आणि तांबडा वेगळा दिसत नाही. मी आजवर जे रंग वापरले ते दुसऱ्यांच्या तोंडून ऐकलेले आहेत. गटात कोणीतरी दुसरं बघत असतं, त्याच्यावर मी चालतो. माझी प्रेरणा निसर्ग नाही; निसर्गावर नंबर नसतात. नकाशा मी बिघडवला. त्याने ते देऊन टाकलं आणि शिक्षेची वाट पाहत बसला.

तिसऱ्या दिवशी कागद परत आला. समासात लाल शाईत शेरा होता: ‘सुंदर रूपक! एकमेकांच्या नजरेने पाहणे हेच संघकार्य. मात्र नकाशाचा दोष स्वतःकडे घेणे हा मनाचा मोठेपणा अतिरेकी वाटतो.’ वर दहापैकी नऊ.

कागदाला तोंड नसतं हे खरं, पण वाचणाऱ्याला असतं, आणि ते आधीच ठरलेलं बोलतं. आकड्या कागद घेऊन सरांच्या खोलीत गेला.

“सर, हे रूपक नाही.”

“काय नाही?”

“हे. जे लिहिलंय तेच आहे. तसंच्या तसं.”

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. टेबलावर दोन फायली होत्या. “यातली हिरवी कोणती?”

“डाव्या फायलीवर ‘रजा’ लिहिलंय. रजेच्या फायली हिरव्या असतात असं ऐकून आहे.”

सर उठले आणि त्यांनी दार लोटून घेतलं. बसल्यावर त्यांचा आवाज बराच खाली आला होता.

“हे बघ. यादी दुपारी जाते. तुझं नाव वर आहे. हे रूपक असेल तर माझी काही अडचण नाही. मनोगतात मुलं काय वाटेल ते लिहितात. गेल्या वर्षी एकीने स्वतःला नदी म्हटलं होतं. आम्ही काही तिच्यावर पूल बांधला नाही.”

“आणि काकांचं पत्र?”

“ते गेलं की. त्याचा याच्याशी काय संबंध?”

“त्यांनी मला विचारलं होतं सर. त्यांना दिसत होतं.”

सर खिडकीबाहेर बघू लागले. तीन वर्षं त्यांनी या मुलाच्या नजरेची उदाहरणं दिली होती, बाहेरच्या पाहुण्यांनासुद्धा. “दोन्ही डगरींवर हात ठेवता येत नाही,” ते म्हणाले. “रूपक असेल तर जागा राहते आणि पत्रही राहतं. रूपक नसेल तर पत्र मागे घ्यावं लागेल, आणि मग यादीत तुला ठेवू कसा मी? तू ठरव. मला काय, जे लिहिलंय ते मी वाचणार.”

आकड्याला ते यंत्र आठवलं का, हे सांगता येत नाही. त्याने कागद टेबलावर ठेवला, स्वतःच्या मनोगताखाली ‘वरील मजकूर रूपक नाही’ असं लिहिलं, खाली सही केली आणि कागद सरांकडे सरकवला. सरांनी तो दोनदा वाचला. मग नऊ खोडून काय लिहावं हे न सुचल्यामुळे नऊ तसेच ठेवले.

जिन्यावर दोघं थांबली होती. फूटपट्टी तीन दिवसांनी प्रथमच बोलली.

“काय झालं?”

“पत्र मागे घेतायत.”

“आणि जागा?”

“गेली. तुला मिळेल. यादीत तू नववी होतीस.”

“मला अशी नको होती.”

“मग कशी हवी होती?”

“भांडून.”

तिघं छापखान्यात गेली. काकांनी सगळं ऐकून घेतलं, हात पुसत पुसत. “म्हणजे झाकणं उलटी लावली मी,” ते म्हणाले, “तुला दिसत नाही, आणि मला दिसून मी तुझं ऐकलं. मग यात गाढव कोण?” त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. “आणि एक सांग. न दिसता एवढं ठाम कसं बोलतात? शिकव मला, घरी उपयोगी पडेल.”

अर्ध्या छपाईचा खर्च काकांनी आपल्या अंगावर घेतला, उरलेल्याचं काय ते विभागाने बघायचं ठरलं. पहिला नमुना निघाला. फूटपट्टीने तो खिडकीशी नेला, सातही रेषा डोळ्यांखालून घातल्या, सही केली. उद्यानेही थांबे ताडून सही केली, जागच्या जागी. काकांनी कागद आकड्यापुढे धरला.

“मी कशाला आता?”

“तीन जणांचं काम आहे ना? सहीच्या चौकटी या वेळी तीन ठेवल्यात. तुझी रिकामी ठेवली तर मागाहून मलाच विचारतील.”

आकड्याने नकाशावरचं एकूण एक अक्षर वाचलं. मग चौकटीत लिहिलं, ‘मजकूर तपासला. रंग पाहिलेले नाहीत.’ आणि खाली सही केली.

काकांनी कागद लांब धरून वाचला. “असं लिहिणारा तू पहिलाच,” ते म्हणाले. “न बघता सही सगळेच करतात.” आणि त्यांनी यंत्र सुरू केलं.