ओफेलियाची गिरकी

लग्न होऊन चारुता नागपूरहून अमेरिकेत अर्विंगला आली ती डिपेंडंट व्हिसावर. नोकरीची परवानगी नाही. नवरा, देवांग, ऑफिसला गेला की घर खायला उठायचं. तिसऱ्या वर्षी लायब्ररीत जॅझ डान्सच्या मोफत वर्गाचा कागद दिसला, आणि ती एका चर्चच्या हॉलमध्ये जाऊन उभी राहिली.

शिकवायच्या मिस व्हर्नेल. सत्तरी ओलांडलेल्या, कृष्णवर्णीय, ताठ कण्याच्या. पावलांआधी त्या हकिकत सांगायच्या. "आमच्या माणसांना गुलाम करून आणलं, त्यांचे ढोल काढून घेतले. मग मांड्या, टाळ्या, टाचा हेच ढोल झाले. त्यातून हा नाच आला. गोऱ्यांनी तो थिएटरात नेला, बॅले मिसळला, नावं स्वतःची लावली. माझी आजी ओफेलिया ज्या हॉलमध्ये नाचायची, तिथे तिला मागच्या दारानं जावं लागे."

गुडघे सैल सोडून टाच घासत घ्यायची आजीची एक गिरकी होती. सहा वर्षांनी ती बाईंनी एकट्या चारुताला शिकवली.

पुढे वर्क परमिट आलं आणि चारुतानं 'बॉलीवूड जॅझ' नावाचा स्वतःचा वर्ग सुरू केला. देशी मुलींची रीघ लागली. चर्चच्या वर्गातल्याही चौघी इकडे आल्या.

"अगं, फ्लायरवर मिस व्हर्नेलचं नाव टाकायचं ना?" देवांगनं विचारलं.

"पेरेंट्सना त्या कुठे माहीत आहेत? उगाच कन्फ्यूजन."

वार्षिक कार्यक्रमाला तिनं बाईंना पहिल्या रांगेत बसवलं. चाळीस मुलींनी एकदम ती गिरकी घेतली. निवेदिका ओरडली, "ही चारुता मॅडमची सिग्नेचर स्टेप!" हॉल टाळ्यांनी दणाणला. माइक चारुताच्या हातात आला. तिनं सगळ्यांचे आभार मानले, अगदी समोसेवाल्याचेसुद्धा.

बाई नंतर विंगेत आल्या. "छान बसवलंस."

"मिस व्हर्नेल, सॉरी. पुढच्या वेळी मी नक्की..."

"ते सगळेच म्हणतात, बाळ. माझ्या आजीलाही म्हणाले होते."

त्यानंतर बाईंनी फोन उचलला नाही. महिन्याभरानं, एका शनिवारी, चारुता चर्चवर गेली. हॉलला कुलूप होतं. झाडलोट करणारा म्हणाला, "चारच जणी उरल्या होत्या. वर्ग बंद केला त्यांनी. लेकीकडे गेल्या, लुइझियानाला."

"पत्ता?"

"देऊ नका म्हणाल्यात."

चारुता गाडीत बसली. रडायला यावं असं तिला वाटत होतं, आलं नाही. चार वाजता तिची बॅच होती. तिनं गाडी काढली.